आरशापुरती हवा

रत्तीसाहेबांनी उभ्या जन्मात 'अंदाजे' हा शब्द तोंडातून काढला नव्हता आणि समोरच्यालाही काढू दिला नव्हता. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने तागड्या पुसायला लागत. रत्तीभर फरक निघाला तरी ते काट्याला सील ठोकत, म्हणून बाजाराने त्यांचं नावच रत्तीसाहेब ठेवलं. ते निवृत्त झाले त्या दिवशी बाजारात म्हणे सगळ्या गिऱ्हाइकांना माप झुकतं मिळालं. निवृत्त झाले ते खात्यातून; घरात नोकरी चालूच होती. दूधवाल्याचं माप ते वाकून, डोळा त्याच्या काठाच्या रेषेत आणून बघायचे. चहात साखर किती घालू, असं पाहुण्याला विचारलं आणि पाहुणा "घाला थोडी" म्हणाला, तर साहेबांच्या कपाळावर आठी चढायची. थोडी म्हणजे किती?

अशा माणसावर एक दिवस टायरात हवा भरायची वेळ आली.

त्याचं असं झालं. साहेबांच्या बायकोची, म्हणजे आमच्या त्या इमारतीतल्या सगळ्यांच्या वहिनींची, एक मोठी बहीण होती. ताई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जवळच्या गावात दोन भाड्याच्या खोल्यांत तिने शिवणक्लास चालवला आणि गावातल्या निम्म्या मुलींना झबल्यापासून कोटापर्यंत सगळं शिवायला शिकवलं. "ताई, आता आमच्याकडे ये गं राहायला," असं वहिनी दर फोनला म्हणायच्या आणि ताई दर फोनला "बघू" म्हणायची. त्या 'बघू'त निम्मा मानीपणा होता आणि निम्मे रत्तीसाहेब होते. एकदा, फार पूर्वी, साहेबांनी सहज म्हणून ताईची कापड मोजायची टेप स्वतःच्या लोखंडी पट्टीला लावून बघितली होती आणि क्लासातल्या सगळ्या मुलींसमोर जाहीर केलं होतं, की टेप ताणली गेली आहे, खोटं माप दाखवते. त्या दिवसापासून ताई त्यांच्याशी बोलायची ती भिंतीशी बोलल्यासारखी.

पण यंदा ताईचा पाय जिन्यावरून घसरला. मोडला नाही, मुरगळला. तरी तीन दिवस खाटेवर पडून तिने छताकडे बघितलं आणि मग स्वतःहून फोन केला.

"येते मी. पण एक अट आहे. माझा आरसा अखंड आला पाहिजे. वाटेत त्याला तडा गेला, तर माझं यायचं नव्हतं असं मी समजेन आणि तशीच माघारी फिरेन. मग मला कोणी आग्रह करायचा नाही."

तो आरसा म्हणजे साधासुधा नव्हता. माणसापेक्षा उंच, तीन पानांचा, शिसवी चौकटीतला. त्याच्यासमोर उभं राहिलं की पुढून, डावीकडून, उजवीकडून कपडा कसा बसलाय ते एकदम दिसे. ताईच्या हातचा पहिला फ्रॉक घालून मुली त्यात स्वतःला बघायच्या, आणि मग त्यांच्या मुली.

वहिनींनी फोन ठेवला आणि एका डोळ्याने रडत, एका डोळ्याने हसत त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आता सगळं तुमच्या हातात आहे हं."

वहिनींचा धाकटा भाऊ फरश्यांचा व्यापार करायचा. त्याचा एक छोटा ट्रक होता आणि ट्रकच्या मागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर होता. ट्रकला छत होतं, ट्रेलर बुटका आणि वरून उघडा, त्यामुळे त्यात आरसा उभा मावणार. दोन्ही बाजूंनी ताईची लोखंडी शिवणयंत्रं लावायची, म्हणजे आरसा हलणार नाही. बाकीचं सामान ट्रकमध्ये, असा बेत ठरला. मेहुण्याने दोन दिवस आधीच गाडी आणून इमारतीखाली लावली आणि जाता जाता म्हणाला, "भाऊजी, निघायच्या आधी तेवढी हवा बघून घ्या."

"किती ठेवायची?"

"ठेवा की अंदाजे."

इतकं बोलून मेहुणा रिक्षाने निघून गेला. साहेब तिथेच उभे राहिले. अंगावर झुरळ पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यांनी आधी टायरच्या अंगावर छापलेला आकडा चष्मा पुसून वाचला. तो वाचून माणसाचं समाधान व्हायला हरकत नव्हती, पण तो आकडा म्हणजे त्या टायराला सोसेल ती जास्तीत जास्त हवा, भरायची हवा नव्हे, एवढं साहेब जाणून होते. पोत्यावर शंभर किलो लिहिलंय म्हणून कोणी शंभर किलो मीठ जेवत नाही. टायरात हवा घालायची ती वाहायच्या ओझ्यावरून. जास्त ओझं, जास्त हवा. कमी ओझं, कमी हवा. म्हणजे ओझं कळायला हवं. साहेबांनी ताईला फोन लावला.

"ताई, तुमची यंत्रं किती, आणि एकेकाचं वजन किती?"

 ताई म्हणाली, "माझंही सांगू का? हल्ली जरा वाढलंय."

यंत्रांची माहिती मिळाली. साहेबांनी कोष्टक मांडलं, बाजारातून हवा मोजायचं एक नवंकोरं गेज आणलं आणि ते पितळी गेज फडक्यात गुंडाळून खाली नेलं.

आता इमारतीखाली उभ्या असलेल्या ट्रकभोवती एक माणूस वाकून काही मोजतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी घरात काय करायचं? आधी शेजारचे पोस्टमास्तर आले. ते निवृत्त होते आणि सल्ला द्यायला कायम मोकळे होते.

"साहेब, हवा नेहमी सकाळी मोजायची. गाडी चालली, ऊन लागलं, की टायर तापतं, हवा फुगते आणि आकडा खोटा येतो. बघू ते गेज?" त्यांनी गेज टायरच्या तोंडाला लावलं. फुस्स. "हं. बरोबर आहे."

मग वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यातून येताना थांबल्या. "प्रेशर बघताय? वरचं किती, खालचं किती?"

"टायरांना एकच असतं."

"एकाच मापावर निदान करू नये. निदान तीनदा घ्यावं आणि पेशंटला आधी पाच मिनिटं शांत बसू द्यावं." त्यांनी स्वतः तीनदा घेतलं. फुस्स. फुस्स. फुस्स.

संध्याकाळपर्यंत ज्याला डोळे होते त्याने बघितलं आणि ज्याला हात होता त्याने मोजलं. कोणी म्हणालं, ट्रकला पुढे कमी आणि मागे जास्त. कोणी म्हणालं, मागची जोडचाकं सारखी हवीत, नाहीतर भाऊबंदकी होते आणि एकच चाक सगळं ओझं वाहतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना त्या दिवशी फार मोठा उंट मिळाला होता. त्यात गंमत अशी, की एकाचाही सल्ला चुकीचा नव्हता. चूक एवढीच, की दर खेपेला गेज लावताना थोडी हवा सुटत होती आणि ती कोणाच्याच हिशेबात नव्हती. दिवे लागायच्या सुमाराला ट्रेलरचं डावं टायर एका बाजूला ओठ काढून बसलं.

"पंक्चर!" पोस्टमास्तर ओरडले.

"पंक्चर नाही," साहेब खिन्नपणे म्हणाले. "तपासणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याला बोलावून गाडी चौकातल्या पेट्रोलपंपावर नेली. साहेबांनी कोष्टकाप्रमाणे, यंत्रांच्या ओझ्याला लागेल तेवढी, भरपूर हवा भरून घेतली. पंपाच्या काट्यावर एक आकडा आला आणि त्यांच्या पितळी गेजवर दुसराच. आता कोणीही शहाणा माणूस पैसे देऊन निघाला असता.

"तुमचा काटा खोटा आहे," साहेब म्हणाले.

"आमचा?" पंपवाला म्हणाला. "तुमचंच गेज खोटं असेल."

"याच्यावर खात्याचं सील कुठेय? दाखवा."

"तुमच्यावर कुठेय?"

मेहुणा मध्ये पडला, पण उशीर झाला होता. पंपवाल्याने नळी गुंडाळली, यंत्राचं बटण बंद केलं आणि एका पुठ्ठ्यावर कोळशाने 'हवा बंद' असं लिहून तो पुठ्ठा तिथे अडकवला. "आता तुमच्याच ऑफिसातून सील आणा साहेब. तोवर कोणालाच हवा नाही. लोकांनी विचारलं तर तुमचं घर दाखवीन." यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

साहेबांना राग आला तो पंपवाल्याचा नव्हे, संशयाचा. आपलं गेज खरं आहे हे सिद्ध केल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. ते तडक आपल्या जुन्या कार्यालयात गेले. तीच लांब खोली, तीच करकरणारी बाकं, भिंतीलगत जप्त केलेल्या तराजूंची तीच रांग. फक्त साहेबांच्या खुर्चीत त्यांच्या हाताखालचा जुना कारकून बसला होता. तो आता स्वतः साहेब झाला होता आणि त्याच्या अंगावर तसाच राखाडी कोटही आला होता.

"या सर, या! चहा सांगतो."

"चहा नको. हे गेज जरा तपासून द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

नव्या साहेबाने गेज हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि त्याचा चेहरा हळूहळू तसा झाला, जसा रत्तीसाहेबांचा बाजारात शिरताना व्हायचा.

"सर, याच्यावर सील नाही."

"म्हणून तर आणलंय."

"पण याने तुम्ही मापं घेतलीत?"

खोटं बोलायची सवय नव्हती. "घेतली."

"मग सर, हे आता इथेच राहील. न तपासलेलं माप वापरात सापडलं, तर तपासणी होईपर्यंत ते कार्यालयातून बाहेर जायचं नाही. नंबर लागेल तेव्हा कळवू." आणि मान खाली घालून, अगदी आदराने, तो म्हणाला, "नियम तुम्हीच घालून दिलात, सर. तुम्ही म्हणायचात, उद्या माझा बाप आला तरी सोडू नका."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेब उठले. जप्तीच्या रांगेत, एका मोडक्या तागडीशेजारी, त्यांचं पितळी गेज जाऊन बसलं होतं. दाराशी पोचल्यावर त्यांनी वळून एकदा तिकडे बघितलं. कितीतरी दुकानदार याच दारातून असेच वळून बघत गेले होते, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा आठवलं.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी निघाली. मेहुणा चालवायला, मध्ये वहिनी, खिडकीशी साहेब. टायरं दगडासारखी टणक, आणि मागचा ट्रेलर रिकामा. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला ट्रेलर सोडलेल्या वासरासारखा चारी दिशांना उड्या मारायचा. मेहुण्याला गाडी चालवताना गायची सवय होती; त्याच्या गाण्याचे तुकडे पडत होते.

"भाऊजी, हवा जा-आ-स्त नाही ना झाली?"

"रिकाम्याला जास्त आहे. यंत्रं चढली की बरोबर होईल. हिशेब आहे."

 घरी मागच्या खोलीत वहिनींनी दोन दिवस आधीच ताईसाठी नवी चादर घातली होती आणि खिडकीशी आरशाची जागा मोकळी ठेवली होती.

ताईच्या दारात गाडी थांबली. ताई काठी टेकून उभी होती. साहेब आत डोकावले. भिंतीशी यंत्रं नव्हती. त्यांच्या पायांचे फक्त खुणेचे चौकोन जमिनीवर उरले होते.

"ताई, यंत्रं कुठायत?"

"देऊन टाकली मुलींना. त्या चालवतील. मी काय, तुमच्या मागच्या खोलीत कारखाना काढू? खाटा, कपाटंही दिली. तुमच्या घरी खाट असेल ना एखादी?"

उरलं होतं ते एवढंच: दोन ट्रंका, एक वळकटी, शिवणाचा डबा आणि आरसा.

मेहुण्याने डोकं खाजवलं. "भाऊजी, ओझं नाही तर ट्रेलर असाच उडणार. यात आरसा ठेवला तर पहिल्या वळणावर चुरा. थोडे दगड घालू का बाजूने?"

"माझ्या आरशाशेजारी दगड?" ताई म्हणाली. "बाळ्या, तुझी अक्कल अजून फरशीखालीच आहे का रे?"

"मग ट्रकात आडवा घालू."

"आडवा घातला तर चौकट वाकेल. मी सांगितलं होतं ना? नसेल जमत तर राहू दे. मी इथेच बरी आहे." ती हे सहज म्हणाली, पण साहेबांनी आयुष्यभर तराजूचे काटे बघितले होते. कुठलं पारडं थरथरतंय ते त्यांना कळायचं. ताईला इथे एकटं राहायचं नव्हतं आणि कोणाचं ओझं होऊन जायचंही नव्हतं. आरसा फुटला असता तर तिला मान न घालवता मागे फिरता आलं असतं.

वहिनी उंबऱ्यावरच बसल्या. "अहो," एवढंच म्हणाल्या.

करायचं काय ते उघड होतं: ट्रेलरच्या टायरांतली हवा कमी करायची. पण किती? कमी काढली तर ट्रेलर उडणार. जास्त काढली तर टायर चेपून डुलणार, कडा कापल्या जाणार, आणि मग रस्त्यात भरायला हवा कुठली? पंपावर पुठ्ठा. गेज जप्त. तो पुठ्ठा कोणामुळे लागला आणि ती जप्ती कोणाच्या नियमाने झाली, हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती.

"अंदाजे सोडा की," मेहुणा म्हणाला.

 साहेब ट्रेलरच्या चाकाशी उकिडवे बसले, व्हॉल्वचं टोपण काढलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. जन्मभर ज्या शब्दासाठी लोकांना दंड केला, तो आता आपल्याच बोटावर येऊन बसला होता.

इकडे ताईने चाळा म्हणून शिवणाचा डबा उघडला होता. शिंप्याचा एक चपटा निळा खडू बाहेर पडला आणि घरंगळत साहेबांच्या पायाशी आला. तो त्यांनी उचलला. परत द्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"ताई, तुम्ही या खडूने काय करता?"

"काय म्हणजे? कापडावर खूण करते. कोट बगलेत घासतो का ते बघायचं असेल तर आत खडू लावते, हात हलवायला सांगते. जिथला खडू उडाला, तिथे कपडा अंगाला लागतोय."

साहेब एकदम उठून उभे राहिले. इतक्या वेगाने, की गुडघ्याचा आवाज वहिनींना उंबऱ्यावर ऐकू आला.

"आरसा चढवा!"

आरसा ट्रेलरमध्ये उभा चढवला, वळकटीच्या गाद्या पाठीशी आणि कडांना लावून, काच ट्रकच्या दिशेला उघडी ठेवून, नीट आवळून बांधला. मग साहेबांनी टायरच्या जमिनीला लागणाऱ्या पट्ट्यावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आडवी ठळक निळी रेघ ओढली. "घ्या पुढे. हळू. थोडंच." मेहुण्याने गाडी दारापासून गल्लीतल्या पाण्याच्या पिंपापर्यंत नेली. रेघ मध्यभागी पार पुसली गेली होती आणि दोन्ही कडांना जशीच्या तशी होती.

"बघा! पोट टेकतंय, खांदे हवेत आहेत. हवा जास्त आहे."

"कोट छातीत घट्ट झालाय," ताई म्हणाली आणि काठी टेकत जवळ आली.

साहेबांनी हवा सोडली. नवी रेघ. गाडी पिंपापासून पुढच्या दारापर्यंत. अजूनही कडांपेक्षा मध्येच जास्त पुसलेली. पुन्हा थोडी हवा. पुन्हा रेघ. गल्लीतली माणसं दाराशी आली. एकाने विचारलं, हा कसला सोहळा? "ट्रेलरला कोट शिवतोय," ताईने उत्तर दिलं. एकदा हवा जरा जास्तच सुटली आणि कडा पुसून मधली रेघ राहिली, तेव्हा साहेबांचा चेहरा पडला. मेहुण्याने शेजारच्या दारातून सायकलचा पंप मागून आणला आणि घाम गाळत चार दणके हाणले.

"अजून दोन," ताई म्हणाली. ती आता कमरेत वाकून रेघेकडे बघत होती, डोळा बरोबर टायरच्या काठाच्या रेषेत आणून. साहेबांनी ते पाहिलं. असं वाकून बघणारं दुसरं माणूस त्यांना आयुष्यात भेटलं नव्हतं.

शेवटी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली गेली. दोन्ही चाकांवर. कुठेही जास्त नाही, कुठेही कमी नाही.

"बसला," ताई म्हणाली.

गाडी परतीला लागली. पुढच्या सीटवर आता चौघं होती, दाटीवाटीने. वहिनींनी ताईचा हात धरून ठेवला होता. साहेबांनी बाहेरच्या आरशातून मागे नजर लावली होती. पहिला खड्डा आला. ट्रेलर उडाला नाही. म्हाताऱ्या माणसाने पायरी उतरावी तसा उतरला आणि चढला. दुसरा खड्डा. तिसरा. मेहुण्याने हळूच गाणं धरलं आणि ते सलग आलं. मोठ्या वळणावर ट्रेलरमधल्या आरशाच्या तीन पानांत तीन रस्ते, तीन आभाळं दिसली आणि तिन्ही अखंड होती. साहेबांनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला. "फुस्स," ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, आणि वहिनी इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले.

आरसा मागच्या खोलीत खिडकीशी उभा राहिला. तडा नाही, ओरखडा नाही. इमारतीतले सगळे बघायला आले. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही पानांत स्वतःला बघून तिन्हीकडून केस सारखे केले. पोस्टमास्तर मात्र मुद्द्याचे होते.

"साहेब, शेवटी किती ठेवलीत हवा? आकडा सांगा. माझ्या जावयाला कळवायचाय."

 सगळे साहेबांकडे वळले. आकडा त्यांच्याकडे नव्हता, आणि खोटं बोलायची सवय नव्हती.

"अंदाजे ठेवली," ते म्हणाले.

वहिनींच्या हातातला पेला खाली पडला. स्टीलचा होता म्हणून बरं.

आरशासमोर ताई ट्रंकेतून घड्या काढत होती. तिने वळून बघितलं नाही, आरशातूनच, भिंतीशी नव्हे, सरळ साहेबांच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "अंदाजे कशाला? बरोबर ठेवली होती. मी स्वतः तपासलीय."

खात्यातल्या इतक्या वर्षांत रत्तीसाहेबांनी हजारो मापांना प्रमाणपत्रं दिली होती. त्यांना स्वतःला मिळालेलं हे पहिलंच. ते काहीतरी निमित्त काढून गॅलरीत गेले आणि बराच वेळ खालच्या रिकाम्या ट्रेलरकडे बघत उभे राहिले.

पुढे केव्हातरी त्या गेजचा नंबर लागला आणि ते घरी आलं. सोबत शेरा होता: खोटं आहे, कमी दाखवतं. पंपवाल्याचा काटाच खरा होता. साहेबांनी चौकात जाऊन त्याची माफी मागितली, आणि पंपवाल्याने तो पुठ्ठा काढून त्यांना भेट दिला. मग ते गेज घेऊन ताईच्या खोलीशी आले. त्यांनी ते पुढे केलं.

ताईने शेरा वाचला. हसली नाही, टोमणा मारला नाही. तिने शिवणाचा डबा उघडला, तळातून ती ताणलेली टेप काढली, तिची गुंडाळी सैल केली आणि मधल्या जागेत ते पितळी गेज ठेवून झाकण लावलं.

"राहू देत दोघं इथे," ती म्हणाली. "एकमेकांना सोबत होईल."